खाऱ्या पाण्याचे लहान काचपात्र : खरबी व कोळंबी यांचे पालन

कोकणातील खाडीकाठच्या शेतकऱ्यास खारे पाणी नवीन नाही. बांधास खांड पडून भरतीचे पाणी भाताच्या खाचरात शिरले म्हणजे पुढील हंगामाचे काय होते, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. परंतु ज्या पाण्यास बाहेर ठेवण्यात पिढ्या खर्ची पडल्या, तेच पाणी आत घेऊन कोळंबीचे पीक काढावयाचे ठरविले की त्याची गाठ एका वेगळ्याच शास्त्राशी पडते. भातावर रोग आला तर पान पिवळे पडते आणि ते बांधावरून दिसते. तळ्यातील गढूळ पाण्यात कोळंबीचे काय चालले आहे ते काठावरून दिसत नाही. मेलेली कोळंबीदेखील बहुधा तळाशीच पडून राहते. नुकसान लक्षात येईपर्यंत बी, खाद्य आणि कर्ज ही तिन्ही पाण्यात गेलेली असतात.

यासाठी तळे खोदण्यापूर्वी एक वर्ष घराच्या पडवीत, शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीत खाऱ्या पाण्याचे लहान काचपात्र ठेवून त्यात खाडीतील अथवा खडपांतील मासे व कोळंबी पाळून पाहणे हितावह ठरते. तळ्यात जे घडते ते सर्व या पात्रात लहान प्रमाणावर घडते, आणि काचेतून दिसते. त्यास लागणारा खर्च एका चांगल्या शेळीच्या किमतीपेक्षा अधिक येत नाही. मात्र हे पात्र उत्पन्नाचे साधन आहे, असा समज कोणीही करून घेऊ नये अथवा दुसऱ्यास करून देऊ नये. ते शिक्षणाचे साधन आहे.

कोणते प्राणी निवडावे

शिकाऱ्याने आरंभी खरबी आणि खडपांतील लहान पारदर्शक कोळंबी हीच जोडी निवडावी. खरबी ही गोबी नावाच्या फार मोठ्या मत्स्यकुळातील असून खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी हीदेखील याच कुळातील होय. या कुळातील माशांच्या पोटाखालचे दोन पर एकत्र जुळून त्यांची वाटीसारखी चकती झालेली असते. तिच्या साहाय्याने मासा दगडास चिकटून राहतो व लाटेच्या माऱ्यातही वाहून जात नाही. तो पाण्यात सतत पोहत नाही. तळाशी बसून राहावयाचे, भक्ष्य दिसताच झेप घ्यावयाची आणि परत जागेवर यावयाचे, असा त्याचा दिनक्रम असतो. त्यामुळे त्यास लहान जागा पुरते. मादी दगडाच्या किंवा शिंपेच्या खालच्या बाजूस अंडी चिकटविते आणि नर परांनी वारा घालीत त्यांची राखण करतो. काचपात्र चांगले चालले असेल तर हे दृश्य घरबसल्या पाहावयास मिळते.

ओहोटीच्या वेळी खडपांतील डबक्यांत दोन इंच लांबीच्या खरब्या आणि इंच-दीड इंच लांबीच्या काचेसारख्या कोळंब्या हातजाळ्याने सहज मिळतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी त्यासाठी उत्तम, कारण तेव्हा पाणी दूरवर हटते. दगड उलटला तर तो पुन्हा पूर्ववत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूस राहणारे जीव उन्हात मरतात. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झालेले आहे, तेथून काहीही उचलू नये. प्रवाळाचा तुकडा तर कोठूनही उचलू नये. परदेशी पुस्तकांत समुद्रातील जिवंत खडक आणून पात्रात मांडण्यास सांगितलेले असते, परंतु आपल्या देशात प्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि असा तुकडा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. कालवांच्या रिकाम्या शिंपा व चांगले भाजलेले कौलाचे तुकडे यांनी तेच काम भागते.

याच डबक्यांत दगडाखाली चुटकी वाजविल्यासारखा आवाज ऐकू आला तर तेथे चुटकी मारणारी कोळंबी आहे असे समजावे. तिचा एक नांगा दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असतो. तो ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात क्षणमात्र एक पोकळ बुडबुडा निर्माण होतो. तो फुटण्याचा तो आवाज असतो, नांग्याचे दोन भाग एकमेकांवर आपटण्याचा नव्हे, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. या आघाताने ती लहान प्राणी मारते. म्हणून तिला इतर लहान कोळंब्यांबरोबर ठेवू नये.

तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंतच्या प्रवाळी प्रदेशांत याच चुटकी मारणाऱ्या कोळंबीच्या काही जाती गोबी माशांबरोबर एका बिळात राहतात. कोळंबी बीळ खणते व दिवसभर आतील वाळू बाहेर ढकलीत राहते. तिची दृष्टी अधू असते. मासा बिळाच्या तोंडाशी पहारा करतो. कोळंबी बाहेर येते तेव्हा तिची एक लांब मिशी माशाच्या अंगास टेकलेली असते. धोका दिसताच मासा शेपटी थरथरवितो व कोळंबी आत पळते, पाठोपाठ मासाही. तांबड्या समुद्रातील अशा एका जोडीचे वर्णन लूथर या जर्मन शास्त्रज्ञाने १९५८ साली केले. लक्षद्वीपकडील समुद्रातही अशा जोड्या आढळतात. परंतु बाजारात मिळणाऱ्या या जातीच्या माशांपैकी बहुतेक समुद्रातून पकडून आणलेले असतात, महाग असतात आणि नवशिक्याच्या हाती टिकत नाहीत. शिकण्यासाठी आपल्या खडपांतील खरबी पुरेशी आहे.

पात्र व त्याची मांडणी

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच असे पात्र घ्यावे. यापेक्षा लहान पात्र स्वस्त पडते, परंतु पाणी जितके थोडे तितके ते लवकर बिघडते. काच जोडण्यासाठी मत्स्यपात्रांकरिता मिळणारे सिलिकोन वापरलेले असावे. न्हाणीघरासाठी विकल्या जाणाऱ्या सिलिकोनमध्ये बुरशीनाशक असते, ते चालत नाही. लोखंडी चौकटीची जुनी पात्रे खाऱ्या पाण्यास निरुपयोगी होत. पात्र प्रथम गोड्या पाण्याने भरून दोन दिवस गळते का ते पाहावे. तळाशी वाळू, दहा इंचांपर्यंत पाणी आणि काच मिळून वजन सुमारे ७० किलोग्रॅम होते, म्हणून बैठक भक्कम व समतल असावी आणि काचेखाली थर्माकोलचा पातळ तक्ता घालावा. भरलेले पात्र कधीही हलवू नये. खिडकीतील ऊन त्यावर पडता कामा नये.

तळाशी अडीच इंच जाडीचा थर द्यावा. त्यात तीन भाग स्वच्छ धुतलेली जाड नदीची वाळू आणि एक भाग कुटलेल्या शिंपा असाव्यात. शिंपांतील चुन्यामुळे पाण्याचा आम्लविम्ल निर्देशांक समुद्राप्रमाणे आठच्या वर राहण्यास मदत होते. रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवरील काळी वाळू वापरू नये, तीत लोहयुक्त जड खनिजे असतात. वाळूवर कौलाचे तुकडे व शिंपा अशा रचाव्यात की खाली पुष्कळ सांदी राहतील. जड तुकडा वाळूवर न ठेवता वाळू बाजूस सारून थेट तळावर टेकवावा, नाहीतर माशाने खालची वाळू उकरली की तो कोसळतो.

पाणी गाळण्यासाठी हवेच्या पंपावर चालणारा स्पंजाचा गाळक सर्वांत सोयीचा. वाळूखाली बसविण्याचा गाळक येथे उपयोगी नाही, कारण उकरणारे प्राणी तो उघडा पाडतात. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर टांगावा. तो खाली ठेवला आणि वीज गेली तर नळीतून पाणी उलट वाहून पंपात व तेथून जमिनीवर येते. विजेची तार प्रथम खाली झुकवून मग खुंटीकडे वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे खारे पाणी खुंटीपर्यंत पोहोचत नाही. पात्रावर झाकण हवेच. खरबी उडी मारते आणि कोळंबी नळीवरून चढून बाहेर येते. सकाळी ती भिंतीच्या कडेस वाळून गेलेली सापडते.

पाणी

समुद्राच्या पाण्यात एका लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. किनाऱ्यावरील गावात हे पाणी विकत घ्यावे लागत नाही, परंतु कोठून व केव्हा भरावे यास महत्त्व आहे. नदीच्या मुखापासून व बंदरापासून दूर, खडकाळ किनाऱ्यावर, पूर्ण भरतीच्या वेळी, नोव्हेंबर ते मे या काळात ते भरावे. दाट कापडातून गाळून झाकलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यांत दोन आठवडे अंधारात ठेवावे व वरचे निवळलेले पाणी वापरावे. सहा भाग समुद्राचे पाणी व एक भाग विहिरीचे किंवा साठविलेल्या पावसाचे पाणी मिसळले म्हणजे लिटरमागे सुमारे ३० ग्रॅम क्षार राहतात. या दोन प्राण्यांस तेवढे पुरे. वर सांगितलेल्या पात्रात सुमारे ४० लिटर पाणी मावते. त्यासाठी ३४ लिटर समुद्राचे व ६ लिटर गोडे पाणी लागेल. नळाचे पाणी असल्यास त्यातील क्लोरीन घालविण्याचे औषध आधी टाकावे.

देशावर राहणाऱ्या वाचकांनी मत्स्यपात्रांकरिता मिळणारे तयार समुद्री मीठ वापरावे. स्वयंपाकाचे मीठ किंवा मिठागरावरील जाडे मीठ चालत नाही. मिठागरात मिठाचे खडे धरतात तेव्हा मॅग्नेशियमचे बरेचसे क्षार मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतात आणि कॅल्शियमचा पुष्कळ भाग त्याआधीच तळाशी बसलेला असतो. कवच बांधणाऱ्या प्राण्यास नेमके हेच हवे असतात.

क्षारता मोजण्यासाठी घनतामापक अवश्य घ्यावा. जिभेवर भरवसा ठेवू नये. पाणी भरल्यावर काचेवर पातळीची खूण करावी. पाणी उडून जाते, मीठ उडून जात नाही. म्हणून पातळी खाली गेली की खुणेपर्यंत फक्त गोडे पाणी घालावे. नवशिके येथे हटकून चुकतात. ते खारे पाणी घालतात आणि महिन्याभरात पात्रातील क्षारता चढत जाते. एप्रिल-मे महिन्यांत उघाडी बंद असलेल्या तळ्यात हेच घडत असते, फक्त तेथे खूण केलेली काच नसते.

थांबण्याचा महिना

पाणी भरले, पंप सुरू केला, की दुसऱ्या दिवशी मासे आणून सोडण्याचा मोह होतो. बहुतेक पात्रे या मोहाने मरतात. प्राण्याच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो अगदी अल्प प्रमाणातही घातक असतो. पाणी जितके विम्ल तितके अमोनियाचे विष अधिक तीव्र, आणि समुद्राचे पाणी मुळातच विम्ल असते. निसर्गात एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असते. शेतकऱ्यास हे परके वाटू नये. शेतात घातलेल्या युरियापासून अमोनिया आणि अमोनियापासून नायट्रेट करणारे जिवाणू जमिनीत असतात म्हणूनच पिकास खत लागू पडते. नव्या पात्रात हे जिवाणू अजून वसलेले नसतात. ते वाळूच्या कणांवर व स्पंजाच्या छिद्रांत हळूहळू वाढतात, आणि त्यास चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक दिवस लागतात.

या काळात पात्रात कोणताही जीव न सोडता मेलेल्या कोळंबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा टाकून ठेवावा. तो कुजून अमोनिया सुटतो व जिवाणूंस खाद्य मिळते. पाणी काही दिवस गढूळ होईल, थोडी दुर्गंधीही येईल, त्याने घाबरून पाणी फेकून देऊ नये. मत्स्यपात्रांच्या किंवा कोळंबी-खाद्याच्या दुकानात अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट तपासण्याचे संच मिळतात. दर तीन दिवसांनी पाणी तपासून आकडे वहीत लिहावेत. प्रथम अमोनिया चढतो. तो उतरू लागला की नायट्राइट चढते. पुढे तेही उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही आठवडाभर सलग शून्य राहिली म्हणजे पात्र तयार झाले. एखाद्या चालू पात्रातील मूठभर वाळू मिळाली तर हा काळ पुष्कळ कमी होतो. वहीतील ही महिन्याची नोंद ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने शेतकऱ्यांच्या बैठकीत वाचून दाखवावी, कारण नव्या तळ्यात पहिल्या महिन्यात भरमसाट खाद्य का टाकू नये, हे तिच्याइतके दुसऱ्या कशाने पटत नाही.

प्राणी सोडणे व त्यांची निगा

या पात्रात दोन खरब्या व पाच-सहा कोळंब्या एवढेच प्राणी ठेवावेत. आधी कोळंब्या सोडाव्यात, दोन आठवड्यांनी मासे. कोळंबी माशाच्या तोंडात मावेल इतकी लहान असेल तर ती त्याच्या पोटात जाणार हे धरूनच चालावे. आणलेले प्राणी त्यांच्याच पाण्यासह बादलीत ठेवून पात्रातील पाणी बारीक नळीने थेंबथेंब त्यात सोडावे. तास-दीड तासात बादलीतील पाणी तिप्पट झाले की प्राणी जाळीने उचलून पात्रात सोडावेत व बादलीतील पाणी टाकून द्यावे. कोळंबीस क्षारतेतील एकदम बदल सोसत नाही.

खाद्य दिवसातून एकदा द्यावे. मासळीचा किंवा शिंपल्यांतील मांसाचा बारीक चुरा पाच मिनिटांत संपेल इतकाच टाकावा व उरलेला काढून घ्यावा. तळ्यातील चेक ट्रेचे तत्त्व हेच आहे. दर आठवड्यास चार लिटर पाणी बदलावे. स्पंज पिळून धुताना तो काढलेल्या खाऱ्या पाण्यातच धुवावा. नळाखाली धुतला तर महिनाभर जोपासलेले जिवाणू मरतात.

एखाद्या सकाळी तळाशी पारदर्शक कोळंबी निश्चल पडलेली दिसेल. बहुतेक वेळा ती मेलेली कोळंबी नसून टाकलेली कात असते. कोळंबी वाढते ती कात टाकूनच. नवे कवच घट्ट होईपर्यंत एक-दोन दिवस ती सांदीत लपून राहते, कारण त्या अवस्थेत तिचेच भाईबंद तिला खातात. पात्रात सांदी ठेवावयाची ती याचसाठी. कात काढून टाकू नये, कोळंबी ती खाऊन त्यातील चुना परत मिळविते.

पहाटे कोळंब्या काचेवरून वर चढून पृष्ठभागाजवळ गोळा झाल्या आणि खरबी भराभर कल्ले हलवू लागली, तर पाण्यातील प्राणवायू कमी पडला असे समजावे. उष्ण व खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीज गेल्यास घटकाघटकाने मगाने पाणी उचलून वरून ओतीत राहावे, अथवा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा. कोकणातील पावसाळ्यात तो ठेवणेच शहाणपणाचे आहे. कोळंबीच्या शेपटीचे मांस दुधासारखे पांढरे झाले तर क्षारता, तापमान व अमोनिया ही तिन्ही त्याच क्षणी तपासावीत.

तांबे व फवारणीची औषधे

या पात्रापासून शेतकऱ्याने सर्वांत अधिक शिकण्यासारखी गोष्ट विषासंबंधीची आहे. तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर मासा कदाचित तग धरतो, कोळंबी धरीत नाही. म्हणून तांब्या-पितळेच्या हंड्या-कळशीतून पात्रासाठी पाणी आणू नये. माशांच्या रोगावरील पुष्कळ औषधांत तांबे असते, तीही येथे वर्ज्य. सुपारीच्या कोळे रोगावर पावसाळ्यात बोर्डो मिश्रणाची फवारणी होते, आणि त्यात मोरचूद म्हणजे तांब्याचेच लवण असते. फवारणी करून आलेला हात साबणाने धुऊनही त्या दिवशी पात्रात घालू नये. आंब्याच्या मोहोरावर मारावयाची कीटकनाशके याहून धोक्याची. कीटक आणि कोळंबी हे दोन्ही सांध्यांच्या पायांचे, कवचधारी, जवळच्या नात्यातले प्राणी आहेत. तुडतुड्यास मारणारे औषध कोळंबीस ओळखून वगळीत नाही. घरात डासांसाठी फवारा मारावयाचा असल्यास पात्र झाकून पंप बंद ठेवावा, कारण पंप खोलीतील हवाच पाण्यात ढकलीत असतो. ज्याची आंब्याची बाग डोंगर-उतारावर आणि कोळंबीचे तळे पायथ्याशी आहे, त्याने बागेतील पाणी कोणत्या पऱ्ह्याने खाली येते हे तळे आखण्यापूर्वी पाहून ठेवावे.

रोगाचा प्रसार टाळणे

१९९४-९५ च्या सुमारास भारतातील कोळंबीच्या तळ्यांवर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुरोग आला आणि त्याने फार मोठे नुकसान केले. तो मनुष्यास बाधत नाही, परंतु रानटी कोळंबी व चिंबोरी यांच्या अंगी राहून तो पसरतो. ज्याच्याकडे तळे आहे त्याने काचपात्राचे जाळे व बादली तळ्यावर नेऊ नये आणि तळ्यावरची घरी आणू नये. विदेशी वनामी कोळंबीच्या संवर्धनास भारतात २००९ पासून रीतसर परवानगीने मुभा आहे. ती या पात्रात ठेवू नये व खाडीत तर मुळीच सोडू नये. प्रत्यक्ष तळे करावयाचे झाल्यास २००५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, हेही कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस आधीच सांगावे.

खारे पाणी व त्यातील जीव प्रत्यक्ष पाहावयाचे असल्यास कोकण कृषी विद्यापीठाच्या रत्नागिरी येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मत्स्यालय व संग्रहालय आहे. लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तेथील महिलांस शोभिवंत कोळंबीचे संवर्धन शिकविले आहे. त्यामागे संस्थेचे मार्गदर्शन व पैदास केलेले बी होते, हे लक्षात घेऊनच त्या उदाहरणाकडे पाहावे.

पावसाळ्याची तयारी मेअखेरच करावी लागते. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्याजवळचे पाणी गोडे व गढूळ होते आणि ते भरण्यात अर्थ नसतो. आठवड्यास चार लिटर या हिशेबाने १७ आठवड्यांस ६८ लिटर तयार पाणी लागते, म्हणजे समुद्राचे सुमारे ६० लिटर. २० लिटरचे तीन डबे भरून, झाकून, घरातील अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले की काम भागते. चौथा डबा जास्तीचा भरून ठेवावा. पात्र फुटले किंवा पाणी एकाएकी बिघडले तर प्राणी त्यात हलविता येतात. पात्र मोडावयाचे झाल्यास स्थानिक प्राणी ज्या डबक्यातून आणले तेथे परत सोडण्याची घाईही करू नये. ते एखाद्या दुसऱ्या पात्रधारकास द्यावेत, आणि जुने पाणी खाडीत न ओतता घरापासून दूर, जेथे झाड नाही अशा जमिनीत जिरवावे.